दप्तरसूचीच्या आज्ञावलीची माहितीपुस्तिका कोणत्या फाइलरूपांत ठेवावी?

अहिल्यानगर जिल्ह्यांत जुन्या वतनदार घराण्यांचीं दप्तरें अद्यापि पुष्कळ शिल्लक आहेत. (सन २०२४ पर्यंत या जिल्ह्याचें सरकारी नांव अहमदनगर असें होतें, जुन्या सूचींत तेंच आढळेल.) नेवासें, शेवगांव, पाथर्डी, संगमनेर या बाजूस एखाद्या कुळकर्ण्याच्या किंवा देशपांड्याच्या माळ्यावर रुमालांत बांधलेले मोडी कागद निघतात, आणि अलीकडे त्यांची सूची संगणकावर करण्याची चाल पडत चालली आहे. ही समाधानाची गोष्ट होय. परंतु ज्या आज्ञावलीनें, म्हणजे व्यवहारांत जिला सॉफ्टवेअर म्हणतात तिनें, ही सूची तयार होते, तिची माहितीपुस्तिका कोणीं लिहावी, आणि लिहिली तर ती कोणत्या प्रकारच्या फाइलींत ठेवावी, याचा विचार फारसा झालेला दिसत नाहीं. तो यंत्रज्ञांचा प्रश्न आहे, इतिहासाभ्यासकांचा नव्हे, अशी सर्वसाधारण समजूत. प्रस्तुत लेखकाचीहि तीच होती. ती कशी फिटली तें प्रथम सांगतों.

१९९८ सालीं एका घराण्याच्या तीन रुमालांची सूची मीं तयार केली. त्या वेळीं मी शाळेंत संस्कृत शिकवीत असें, आणि दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्ट्या या कामास देत असें. सूचीची वही तालुक्याच्या गांवीं एका टंकलेखनाच्या दुकानांत देऊन संगणकावर उतरवून घेतली. प्रत्येक नोंदीस सात रकाने होते: अनुक्रम, सन, मास व तिथि, लिहिणार, ज्यास लिहिलें तो, विषय आणि शेरा. कोणत्या रकान्यांत काय भरलें आहे, कोणते संक्षेप योजिले आहेत, मोडी वाचनांत संशय असेल तेथें कोणती खूण केली आहे, याचा खुलासा चार पानांत लिहून तो त्याच फाइलीच्या शेवटीं जोडला. पुढें मूळ वही एका पावसाळ्यांत भिजून गेली. तिची हळहळ वाटली नाहीं, कारण संगणकावर सर्व आहे असा भरंवसा होता. बारा वर्षांनीं ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली, तों पडद्यावर एकहि देवनागरी अक्षर नाहीं. रोमन अक्षरें, टिंबें, तिरप्या रेघा, आणि मधूनमधून एखादें युरोपीय चिन्ह. ज्या फॉण्टांत ती लिहिली होती त्याची ती आवृत्ति केव्हांच बंद झाली होती, आणि दुकानहि राहिलें नव्हतें. सुदैवानें सूचीची छापील प्रत एका जुन्या विद्यार्थ्यापाशीं निघाली. खुलाशाचीं चार पानें मात्र छापून घेतलींच नव्हतीं. त्यांत काय आहे तें मला ठाऊकच आहे, असा त्या वेळचा माझा विचार!

या विद्यार्थ्यानें (तो पुण्यास संगणकाच्या व्यवसायांत आहे) एक युक्ति केली. छापील सूची व बिघडलेली फाइल समोरासमोर ठेवून, कोणत्या रोमन चिन्हाच्या जागीं कोणतें देवनागरी अक्षर येतें याचें कोष्टक त्यानें बसविलें. दुभाषी नाण्यांवरून अज्ञात लिपि वाचावी तसाच हा प्रकार. त्या कोष्टकाच्या साह्यानें खुलाशाचीं पहिलीं दोन पानें वाचतां आलीं. उरलेलीं दोन फ्लॉपीच्या खराब झालेल्या भागांत होतीं. तीं गेलीं तीं गेलींच.

आतां त्या दोन पानांवांचून काय अडलें तें पाहा. आपल्याकडील कागदांत सुहूर सन व फसली सन असे दोन्ही येतात. दोन्ही मृगसाल, परंतु सुहूर सनांत मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ व पुढें ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो, आणि दख्खनच्या फसलींत तेच ५९० व ५९१ मिळवावे लागतात. म्हणजे एकाच वर्षीं फसलीचा आंकडा सुहूरच्या आंकड्याहून ९ नीं मोठा. मूळ कागदांत सुहूर सन बहुधा अरबी शब्दांनीं लिहिलेला असतो, जसें ‘सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६०. त्यामुळें तेथें घोटाळा होत नाहीं. परंतु मीं सूचींत सर्व सन आंकड्यांनीं उतरले होते. पहिल्या रुमालांत अहमदनगरचा किल्ला पेशव्यांकडे आल्यासंबंधीं एक नोंद आहे, तिच्यापुढें ११६९ हा आंकडा. किल्ला पेशव्यांकडे आला १७५९ अखेरीस; तेव्हां हा आंकडा फसलीचाच. सुहूर समजला तर तेंच वर्ष १७६८-६९ होईल, आणि किल्ला पानिपत व राक्षसभुवन या दोन्ही लढायांनंतर आला असें ठरेल! येथें चूक कोणाच्याहि नजरेस येते. पण एखाद्या कर्जरोख्यापुढें ११६९ असेल तर? रोख्यांतील सावकार व कुळ यांस इतिहासांत दुसरीकडे कोठें ठिकाण नाहीं. पहिल्या दोन रुमालांचा नियम वाचतां आलेल्या पानांत मिळाला. तिसऱ्या रुमालांत दोन्ही सन मिसळलेले होते, आणि कोणत्या अनुक्रमाच्या नोंदींत कोणता सन आहे याची यादी हरवलेल्या पानांत होती. मूळ कागद पाहून बऱ्याच नोंदींचा निकाल लागला. पण त्या रुमालाचा कांहीं भाग मध्यंतरीं वाळवीनें खाल्ला आहे.

सूत्र आणि भाष्य यांचा जो संबंध तोच सूची आणि तिची माहितीपुस्तिका यांचा, हें मला इतक्या उशिरा कळावें याची लाज वाटते. माहेश्वर सूत्रांतील शेवटचीं व्यंजनें उच्चारासाठीं नसून प्रत्याहार साधण्यासाठीं आहेत, हें मी तीस वर्षें मुलांस सांगत आलों. तें परंपरेनें सांगितलें नसतें तर अष्टाध्यायी हा निरर्थक अक्षरांचा ढीग झाला असता. आज्ञावलीचें तसेंच आहे. तिच्या एका रकान्याला जो अर्थ देण्याचें कर्त्याच्या मनांत असतें तो अर्थ यंत्राला ठाऊक नसतो. तो पुस्तिकेंतच असतो. यंत्रास ११६९ हा केवळ एक आंकडा.

अलीकडे त्याच विद्यार्थ्यानें मोडी दप्तरांच्या सूचीसाठीं एक लहानशी नवी आज्ञावली लिहिली, आणि तिची माहितीपुस्तिका लिहिण्याचें काम मजकडे आलें. या वेळीं मीं लेखणी उचलण्यापूर्वीं प्रश्न केला कीं, ही कोणत्या रूपांत ठेवावयाची? त्यावर आम्हां पांच-सहा मंडळींत जो खल झाला, त्याचा सारांश व निर्णय पुढें देत आहें.

प्रथम अक्षराचाच विचार केला पाहिजे, कारण मराठीच्या बाबतींत सर्व अनर्थाचें मूळ तेथें आहे. संगणकाच्या पोटीं अक्षर नसतें, आंकडा असतो. कोणत्या आंकड्यास कोणतें अक्षर समजावयाचें हें कोष्टकानें ठरतें. भारतीय लिपींसाठीं असें कोष्टक नव्हतें असें नाहीं. इस्की या नांवाचें कोष्टक भारतीय मानक ब्युरोनें १९९१ सालीं प्रमाण ठरविलें. ब्राह्मीपासून निघालेल्या लिपींची वर्णमाला एकच असल्यामुळें त्या सर्वांस एकच कोष्टक पुरावें, अशी त्याची सुबक कल्पना होती. त्याच वर्षीं युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली, आणि तींतील देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८ च्या रूपावरूनच मांडलेला होता. परंतु छापखाने व टंकलेखनाचीं दुकानें यांनीं ही वाट धरली नाहीं. फॉण्ट करणाऱ्या प्रत्येकानें काना, मात्रा, अर्धीं अक्षरें, रफार यांचे तुकडे रोमन अक्षरांच्या घरांत आपल्या सोयीनें बसविले. ज्याचा फॉण्ट त्याचें कोष्टक. त्या फाइलींत खरें पाहतां मराठी नसतेंच. मराठीसारखें दिसणारें रोमन असतें. केंद्र सरकारनें ई-शासनासाठीं युनिकोड प्रमाण म्हणून ठरविलें तें २००९ सालीं. तोंपर्यंत महाराष्ट्रांत हजारों पुस्तकें, सूची व कचेऱ्यांतील कागद या रीतीनें तयार होऊन गेले होते.

युनिकोडची एक गोष्ट संस्कृत शिकविणाऱ्यास विशेष भावते. ‘किल्ला’ हा शब्द लिहितांना हात आधीं वेलांटी काढतो व मग क. जुन्या फॉण्टांतहि वेलांटीचा तुकडा आधीं व क मागाहून, असा डोळ्यांचा क्रम ठेवलेला असे. युनिकोडमध्यें आधीं क व नंतर इकार, म्हणजे उच्चाराचा क्रम ठेवतात, आणि वेलांटी अलीकडे काढण्याचें काम फॉण्टावर सोंपवितात. वर्ण आणि त्याची आकृति यांचा असा विवेक केल्यामुळें शब्द शोधणें, वर्णानुक्रम लावणें, दुसऱ्या लिपींत उतरणें, सर्व सोपें होतें. २००९ मध्यें महाराष्ट्र शासनानें प्रमाण देवनागरीविषयीं निर्णय काढला व ल, श यांच्या आकारांबद्दल नियम केले. युनिकोडमध्यें लिहिलेल्या मजकुरास त्यामुळें हातहि लावावा लागला नाहीं, केवळ फॉण्ट बदलला कीं झालें. मोडीसहि २०१४ पासून युनिकोडमध्यें स्वतंत्र घरें मिळालीं आहेत.

तथापि युनिकोड घेतलें म्हणजे सगळें सुरळीत झालें असें मानूं नये. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांतील भेद मराठी वाचकास सांगावयास नको. एक स्वयंपाकघरांतले, दुसरे पीठावरचे. यांतील पहिला ऱ्य दोन रीतींनीं लिहितां येतो: ऱ हें टिंबाचें अक्षर घेऊन त्यास हलन्त करून, किंवा साधा र हलन्त करून त्यापुढें एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोहोंची आकृति एकच. पण एकीनें लिहिलेला शब्द दुसरीनें शोधला तर बहुधा सांपडत नाहीं. ॲ या अक्षराचेंहि तसेंच. तें २००८ सालीं स्वतंत्र अक्षर म्हणून आलें, त्यापूर्वीं लोक अ वर चंद्र देऊन लिहीत, आणि अजूनहि लिहितात. आम्ही ठरविलें कीं, पुस्तिकेंत व सूचींत सर्वत्र ऱ हलन्त करण्याचीच रीत पाळावी, ॲ एकच अक्षर लिहावें, आणि हा नियम पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर नमूद करावा. हें फार बारीक वाटेल. परंतु ‘गोऱ्हे’ आडनांवाच्या नोंदी शोधतांना निम्म्याच हातीं लागल्या, म्हणजे त्याची किंमत कळते.

अक्षर ठरलें, आतां तें कोणत्या वेष्टनांत ठेवावयाचें? बहुतेकांचें मत वर्डच्या फाइलींत ठेवावें असें पडलें, कारण तीच सर्वांच्या हातची. या आक्षेपांत तथ्य आहे व मी तो हलका मानीत नाहीं. ज्या रूपांत लिहिणारांस लिहितां येत नाहीं तें रूप कितीहि शाश्वत असो, त्यांत कांहीं लिहिलेंच जाणार नाहीं. या वर्गांत दोन प्रमाणित रूपें आहेत. एक ओपन डॉक्युमेंट, आंतरराष्ट्रीय मानक क्रमांक २६३००, सन २००६. दुसरें मायक्रोसॉफ्टकडून आलेलें, क्रमांक २९५००, सन २००८. दुसऱ्यास मानक म्हणून मान्यता देण्याच्या वेळीं भारतीय मानक ब्युरोनें २००७ व २००८ अशा दोन्ही खेपांस प्रतिकूल मत दिलें होतें, हें थोड्यांस ठाऊक असेल. दोन्हींची अंतर्रचना मात्र एकाच धर्तीची: अनेक लहान फाइलींचें दाबून बांधलेलें एक गाठोडें. गाठोडें सोडण्याचें साधन नसेल तर आंत काय आहे हें साध्या डोळ्यांस कळत नाहीं, आणि गाठोड्याचा थोडा भाग बिघडला तर सबंध मजकूर अडून बसण्याचा संभव असतो. माझ्या फ्लॉपीची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. तिचा शेवट गेला, पण आरंभ वाचतां आला, याचें कारण ती फाइल अशी दाबून बांधलेली नव्हती.

दुसरें मत पीडीएफचें. हें रूप १९९३ सालीं निघालें व २००८ मध्यें आंतरराष्ट्रीय मानक झालें. त्यापूर्वींच २००५ मध्यें दीर्घकाळ जतन करण्याच्या हेतूनें पीडीएफ-ए असा त्याचा एक नेमस्त प्रकार प्रमाणित झाला होता. यांत फॉण्ट फाइलींतच बांधलेला असतो, म्हणून पान जसेंच्या तसें दिसतें. परंतु येथेंहि देवनागरीस एक दगा आहे. साधारण पीडीएफमध्यें वर्णांपेक्षां आकृतींचें प्राबल्य. ‘किल्ला’ असा छान दिसणारा शब्द उचलून दुसरीकडे नेला तर वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते, जोडाक्षर फुटतें, किंवा चौकोन उमटतो. पीडीएफ-ए चा जो ‘बी’ दर्जा आहे तो केवळ दिसण्याची हमी देतो. २०११ च्या दुसऱ्या भागांत ‘यू’ असा दर्जा आला. त्यांत प्रत्येक आकृतीमागील युनिकोड वर्ण सांगणें आवश्यक केलें आहे. मराठी संस्थांनीं पीडीएफ करून घेतांना हा दर्जा मागून घ्यावा. पण पीडीएफ हें कितीहि चांगलें केलें तरी छापील पुस्तकाचें स्थान घेतें, हस्तलिखिताचें नव्हे. त्यांत दुरुस्ती करणें म्हणजे छापलेल्या पुस्तकांत खाडाखोड करणें. आणि आज्ञावली दर सहा महिन्यांनीं बदलते.

पुस्तिका पुनःपुन्हां बदलणार, अनेक हात तिला लागणार, हा मुद्दा महत्त्वाचा वाटल्यामुळें मीं मंडळींस नेवाशाचें उदाहरण दिलें. शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी तेथें सांगितली गेली. शके १५०६ मध्यें एकनाथांनीं ती शुद्ध केली. मधल्या २९४ वर्षांत नकलकारांनीं व वाचणारांनीं किती पाठ घुसडले, किती गाळले, याचा हिशेब कोणापाशीं असणार? एकनाथांनीं प्रती मिळवून पाठ ठरविला व ग्रंथाच्या शेवटीं यापुढें कोणीं भर घालूं नये असें बजाविलें. परंतु आपण कोणता पाठ कोणत्या प्रतीवरून घेतला व कोणता टाकला याची टीप ठेवण्याची त्या काळीं चाल नव्हती. म्हणूनच राजवाडे यांनीं १९०९ मध्यें आपली प्रत एकनाथपूर्व म्हणून छापली तेव्हां वादास तोंड फुटलें. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति काढतांना पाठभेदांची टीप पानाच्या तळाशीं देण्याची शिस्त पाळली. या कामास १९१९ मध्यें आरंभ झाला आणि १९६६ मध्यें मूळ संहिता पुरी झाली.

पाठभेद टिपण्याचें हेंच काम आज संगणक निमिषार्धांत करतो. मात्र फाइल साध्या मजकुराची असेल तर. साध्या मजकुराची फाइल म्हणजे जींत अक्षरें, ओळी व रिकाम्या जागा यांपलीकडे कांहीं नाहीं. अशा दोन प्रती दिल्या कीं कोणत्या ओळींत काय घातलें, काय काढलें, कोणीं व कोणत्या दिवशीं, हें सर्व दाखवितां येतें. गाठोड्याच्या फाइलींची अशी तुलना सरळपणें होत नाहीं.

आज्ञावली लिहिण्याचाच ज्यांचा धंदा त्यांनीं काय केलें, हेंहि पाहिलें. युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका १९७१ ची. तिचा मजकूर साधा असे व मथळा, परिच्छेद इत्यादींच्या खुणा ओळीच्या आरंभीं टिंब देऊन लिहिलेल्या असत. त्याच धर्तीचीं पानें आजहि लिहिलीं व वाचलीं जातात. इंटरनेटचे नियम ज्या लेखमालेंत प्रसिद्ध होतात तिचा पहिला अंक ७ एप्रिल १९६९ चा, आणि पुढें पन्नास वर्षें तिचें प्रमाण रूप साधा मजकूर हेंच होतें. २०१९ पासून तेथें एक्सएमएल या खुणांच्या पद्धतींत एकच मूळ संहिता ठेवून तीवरून साधा मजकूर, जालपृष्ठ व पीडीएफ हीं तिन्ही काढतात. लिनक्सच्या गाभ्याची पुस्तिका अशाच एका भारी खुणांच्या पद्धतींत, डॉकबुकमध्यें, होती. लिहिणारांस ती जड जाऊं लागल्यामुळें २०१६ पासून ती हलक्या खुणांच्या साध्या मजकुरांत आणण्यास सुरुवात झाली. या दोन उदाहरणांचा रोख उलट दिशांस दिसतो, पण मूळ गोष्ट दोहोंत एकच आहे: संहिता एक, आणि बाकीचीं रूपें तीवरून यंत्रानें काढलेलीं. ज्याच्यापाशीं पगारी संपादक आहेत त्यानें भारी पद्धति घ्यावी. आमच्यासारख्या मंडळींस, जेथें सेवानिवृत्त मास्तर आणि सुट्टीच्या दिवशीं येणारा विद्यार्थी एवढींच माणसें, तेथें हलकी पद्धतच झेपते.

तेव्हां आम्हीं मार्कडाउन या पद्धतीचा स्वीकार केला. ती २००४ सालीं जॉन ग्रुबर यांनीं प्रसिद्ध केली. खुणा इतक्या थोड्या कीं अर्ध्या तासांत शिकतां येतात, आणि न शिकलेल्यासहि मजकूर वाचतां येतो. तारकांमधला शब्द ठळक समजावा, ओळीच्या आरंभीं विशिष्ट चिन्ह असेल तर तो मथळा, इतकेंच. तिचा दोष असा कीं मूळ वर्णन सैल असल्यानें तिच्या अनेक बोली झाल्या. म्हणून २०१४ मध्यें मांडलेले कॉमनमार्कचे नेमके नियम आम्ही प्रमाण धरले. त्या नियमांत तक्त्याची सोयच नाहीं, आणि आमच्या पुस्तिकेचा तर सनांचा तक्ता हा जीव! त्यावर तोड अशी काढली कीं, सुहूर, फसली, शालिवाहन शक व इसवी सन यांचा तक्ता निराळ्या फाइलींत, प्रत्येक ओळींत स्वल्पविरामानें रकाने तोडून, ठेवावा. तीहि साध्या मजकुराचीच फाइल. मोडी अक्षरांचे नमुने चित्रांवांचून दाखवितां येत नाहींत, तीं चित्रें स्वतंत्र ठेवून मजकुरांत त्यांचीं नांवें घातलीं आहेत. वंशावळीचें मात्र समाधानकारक जमलें नाहीं हें कबूल करितों. साध्या मजकुरांत वंशवृक्ष काढणें म्हणजे पाटीवर रांगोळी घालण्यासारखें आहे.

येथें एक शंका घेतली जाईल कीं, आजचें युनिकोडहि उद्यां जुनें होईल, मग काय? होईल कदाचित्. पण जुनें होणें आणि दुर्बोध होणें यांत अंतर आहे. महाभारताची चिकित्सक संहिता क्योतो येथील मुनेओ तोकुनागा यांनीं १९९० च्या दशकांत संगणकावर उतरली, ती युनिकोडमध्यें नव्हे, साध्या रोमन अक्षरांच्या एका संकेतांत. दीर्घ स्वर कसे दाखवावयाचे, मूर्धन्य व्यंजनें कशीं, याचें कोष्टक ठरलेलें व जाहीर होतें. त्यामुळें केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांस ती संहिता तपासून पुढें देवनागरी व युनिकोड रूपांत आणतां आली. इतका प्रचंड ग्रंथ, पण कोष्टक हातीं असल्यानें रूपांतराचें ओझें यंत्रानें उचललें. माझा खुलासा चारच पानांचा होता. कोष्टक कोणीं जाहीर केलें नव्हतें, म्हणून तो गेला.

याच कारणास्तव आमच्या पुस्तिकेच्या अगदीं आरंभीं दहा ओळी घातल्या आहेत: फाइल युनिकोडमध्यें, यूटीएफ-८ या रीतीनें लिहिली आहे, खुणा कॉमनमार्कच्या आहेत, ऱ व ॲ यांचे नियम अमुक, सनाच्या रकान्यांत मूळ कागदांतील सन शब्दशः, शेजारच्या रकान्यांत सनाचा प्रकार, आणि तिसऱ्यांत काढलेलें इसवी वर्ष. पूर्वीं एक रकाना होता त्याचे तीन केले. विद्यार्थ्यानें आरंभीं कुरकुर केली, कारण त्यास आज्ञावली पुन्हा लिहावी लागली. प्रत्येक आवृत्तीबरोबर ‘यू’ दर्जाची पीडीएफ-ए प्रत काढून ठेवतों, आणि सर्व पुस्तिका आम्लरहित कागदावर छापून सूचीच्या छापील प्रतीबरोबर एकाच पुठ्ठ्यांत बांधतों. पुस्तिका व सूची यांच्या फाइली एकाच कप्प्यांत असाव्या, पण एकाच फाइलींत नसाव्या, हाहि नियम केला आहे.

मोडीच्या लिप्यंतरासंबंधीं एक प्रकरण अद्यापि लिहावयाचें आहे. मोडींत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो. तेव्हां बाळबोधींत उतरतांना मूळाप्रमाणें ठेवावें कीं आजच्या शुद्धलेखनाप्रमाणें सुधारावें, यावर आमच्यांत एकमत नाहीं. होईपर्यंत दोन्ही रीतींस स्वतंत्र रकाने दिले आहेत. जुन्या तीन रुमालांच्या सूचीचें नव्या आज्ञावलींत रूपांतर गेल्या वर्षीं पुरें झालें. तिसऱ्या रुमालांतील ३१ नोंदींच्या सनाचा प्रकार ठरला नाहीं. त्यांच्या इसवी वर्षाच्या रकान्यांत नऊ वर्षांच्या अंतराचे दोन आंकडे लिहून पुढें प्रश्नचिन्ह ठेविलें आहे, आणि त्या चिन्हाचा अर्थ पुस्तिकेच्या सहाव्या पानावर दिला आहे.